हवेसकट हत्ती

ताईला एक पार्सल पाठवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. आता यात चुकण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. लोक रोज पाठवतात. खोकं घ्यायचं, वस्तू आत ठेवायची, वर पत्ता लिहायचा, काउंटरवर देऊन घरी यायचं. पण मी एखादं काम हातात घेतलं की ते कामच मला घाबरतं, असं दादा म्हणायचा. तो मला 'तुफान' म्हणायचा. (शाळेतल्या मास्तरांनी वेगळं नाव ठेवलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तसाही आमचा दोघांचा सहवास सातवीच्या पुढे टिकला नाही.)

दादाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणजे होतं. म्हणजे दुकान आहेच, दादा नाही. एका सकाळी तो शटर उघडायला गेला आणि शटर अर्ध्यावर असतानाच खाली बसला. त्याच आठवड्यात तिकडे ताई बाळंत झाली, तीही ऑपरेशन होऊन. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठू दिलं नाही. त्यामुळे दादाला शेवटचं बघायचं तिचं राहूनच गेलं.

तेव्हापासून ती फोनवर सगळं बोलायची. बाळाचं वजन, नळाला न येणारं पाणी, वरच्या मजल्यावरचा कुत्रा. दादाचा विषय निघाला की म्हणायची, "बरं, ठेवते." आणि ठेवायची. रडली नाही, ओरडली नाही, काही विचारलंही नाही. भावजी म्हणायचे, ही रडली असती तर मला घरात भीती वाटली नसती.

त्या दिवशी मात्र तिनं फोन ठेवला नाही. म्हणाली, "तुफान, दादाचं काहीतरी पाठव ना मला."

"काय पाठवू?"

"काहीही. त्यानं हाताळलेलं."

आता आमच्या घरात दादानं न हाताळलेलं काय आहे? टेबलफॅनपासून भिंतीवरच्या घड्याळापर्यंत प्रत्येक वस्तू त्यानं उघडून परत बंद केलेली, आणि प्रत्येक वेळी एकेक स्क्रू उरवलेला. पण माझ्या डोक्यात एकदम हत्ती आला.

हा हत्ती रबराचा, निळा, फुगवायचा, बसलेल्या कुत्र्याएवढा. ताईच्या होणाऱ्या बाळासाठी दादानं आणला होता. दुकानातला पंप त्याच्या बुचाला बसेना. दादा म्हणाला, हात्तिच्या, आणि पायरीवर बसून त्यानं तो तोंडानं फुगवला. गाल टम्म, डोळे बाहेर, मध्येच थांबून मला शिव्या, परत गाल टम्म. समोरच्या सलूनमधली गिऱ्हाइकं अर्धी दाढी घेऊन बघायला बाहेर आली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला आणि हत्ती कपाटावर बसून राहिला.

एकदा असाच जेवताना वर बघत होतो आणि माझ्या लक्षात आलं की या जगात दादाचा श्वास आता फक्त त्या हत्तीत आहे. घास तसाच हातात राहिला. त्या दिवसापासून हत्तीला मी कोणाला हात लावू दिला नाही. वहिनी स्टुलावर चढून धूळ पुसायची, तेव्हा मी खाली दोन्ही हात पसरून उभा राहायचो. वहिनीला झेलायला नव्हे, हत्तीला.

"ताई, हत्ती पाठवतो," मी म्हटलं. "दादानं फुंकलेला. हवेसकट."

 मग ती बारीक आवाजात म्हणाली, "हवा काढू नकोस हं." आणि ठेवला.

झालं. आता हवा तिच्यापर्यंत पोचवणं आलं.

वहिनी म्हणाली, "भावोजी, तो पार्सलनं जाईल?"

"लोक फ्रिज पाठवतात, वहिनी."

"फ्रिज वेगळा," असं म्हणून ती पुढे काहीतरी बोलणार होती. पण मी तोवर टीव्हीच्या दुकानातून खोकं आणायला निघालोही होतो.

खोकं मोठं होतं, पण हत्तीची सोंड त्याहून मोठी निघाली. मी वर भोक पाडून सोंड बाहेर काढली. कडेला जागा उरली, ती रिकामी कशाला पाठवायची म्हणून दादाच्या पाच वस्तू कोंबल्या. पंक्चर काढायच्या रबर सोल्युशनची ट्यूब, तेलाची पिचकारी, टॉर्च, टायर कापायचा सुरा आणि त्याचा लायटर. मग खोकं बांधलं. आमच्या घरात सुतळी कधी आणलीच नाही. फाटलेल्या ट्यूबच्या पट्ट्या कापायच्या आणि ताणून गुंडाळायच्या, ही दादाची पद्धत. मी इतकं ताणलं की आतून हत्ती कुंईऽऽ करून ओरडला.

सायकलच्या कॅरिअरवर खोकं लावून निघालो, तर सलूनवाला दारातच.

"तुफान, हत्तीची स्वारी कुठे?"

"ताईकडे."

"सोंड बाहेर का?"

"श्वास घ्यायला," मी म्हटलं. विनोद म्हणून म्हटलं होतं. पण ते माझंच मला कुठेतरी लागलं आणि मी पायडल हाणलं.

पार्सल ऑफिसात काउंटरवर एक बाई होत्या. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर.

"आत काय आहे?"

"हत्ती."

"जिवंत प्राणी घेत नाही."

"जिवंत नाहीये."

"मेलेले तर मुळीच घेत नाही."

"रबराचा आहे हो."

"मग तसं सांगा ना. बाकी काय आहे? उघडा."

मी ट्यूबच्या पट्ट्या सोडल्या. त्यातली एक सुटून त्यांच्या स्टॅम्पपॅडवर आपटली, त्यामुळे आमच्या ओळखीची सुरुवात जरा वाईटच झाली. बाईंनी एकेक वस्तू काढून काउंटरवर मांडली. "हे सोल्युशन. पेट घेतं, चालणार नाही. हे तेल. सांडतं. टॉर्चमधले सेल काढा. हा सुरा. बापरे. आणि हा लायटर, हा पेटतो पण आणि फुटतो पण."

"बाई, माझा दादा इतका गरीब माणूस होता, की सायकल चोरीला गेली तर चोराला घरी चालत जावं लागलं नाही म्हणून बरं वाटून घ्यायचा. तुम्ही तर त्याला दरोडेखोर करून टाकलंत."

रांगेत दोनचार जण हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हत्तीच्या पोटाला बोट लावलं.

"हा फुगवलेला आहे."

"हो."

"हवा काढून आणा."

"हवाच तर पाठवायची आहे."

डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर गेला, कपाळावरचा डोळ्यांवर आला. "म्हणजे काय?"

"म्हणजे हत्ती नुसता डबा आहे," मी समजावून सांगितलं. "आत माझा दादा आहे."

 बाईंनी आवाज खाली आणला. "हे बघा, अस्थीसुद्धा पाठवता येत नाहीत. नियम आहे."

"अस्थी नाहीत हो, हवा आहे. त्यानं तोंडानं भरलेली. तो गेला आणि हवा राहिली. आमची ताई लांब आहे, तिला यायला जमलं नाही, तिला हवी आहे."

आता इतकं साधं सांगितल्यावर कोणालाही कळेल. बाईंनाही कळलं असावं, कारण त्यांनी हत्तीच्या पोटावरचं बोट काढून घेतलं. पण माझ्या मागे एक गृहस्थ उभे होते, हातात चपटं पुडकं. ते म्हणाले, "अहो, हवा इथूनतिथून सारखीच. काढून पाठवा, तिकडे भरून घेतील."

मी वळलो. (मी वळलो की पुढे काय होतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. हे गृहस्थ आमच्या गल्लीतले नव्हते.)

"तुमच्या पुडक्यात काय आहे?"

"आईचा फोटो. भावाला पाठवतोय."

"मग कागदही इथूनतिथून सारखाच. तिकडे दुसऱ्या कोणाची आई लावून घेतील."

गृहस्थ लाल झाले. मला वाटलं आता जुंपणार. पण त्यांनी हातातलं पुडकं जरा छातीशी धरलं आणि बाईंना म्हणाले, "मॅडम, यांचं काही होतंय का बघा ना."

मग सगळी रांगच कामाला लागली. विमानानं गेलं तर वर आतली हवा फुगून हत्ती फुटेल, असं बाईंनी सांगितलं. मी म्हटलं, ट्रकनं पाठवा. त्या म्हणाल्या, कशानं जाईल ते इथे ठरत नाही. कोणी म्हणालं, बरणीत भरा. कोणी म्हणालं, निम्मी हवा काढा, निम्मी राहू द्या.

"निम्मी म्हणजे कोणती निम्मी?" मी विचारलं.



शेवटी बाई म्हणाल्या, "तुम्ही स्वतःच का नाही घेऊन जात? तुमच्यावर तर काही बंदी नाही."

 बसनं चार तासांत पोचता येतं, हे मला माहीत होतं. दादा वर्षातून दोनदा जाऊन यायचा. मला सुचलं नव्हतं असंही नाही. पण पार्सल कसं, दारात ठेवून निघून येतं. त्याला ताईच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

"जा," त्या म्हणाल्या. "हत्ती काय, तुम्ही काय, दोघंही आमच्या वजनकाट्यात बसणार नाही." आणि हे बोलताना त्या पहिल्यांदा हसल्या.

मी नाकारलेला सगळा माल खिशांत कोंबला. सायकल आणि सुरा ऑफिसच्या वॉचमनकडे ठेवले. हत्ती काखेत घेऊन तिथूनच तडक बसस्टँड गाठलं. तिकडून वहिनीला फोन केला.

"भावोजी, अंगावर शर्ट कुठला आहे?"

"तेलाचा."

"पायात?"

"दुकानातली स्लिपर."

"बरं," वहिनी म्हणाली. "हत्ती तरी स्वच्छ आहे."

बसमध्ये कंडक्टरनं हत्तीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे सामान की प्रवासी?"

"मांडीवर बसेल."

"वय?"

"वर्षाचाही नाही अजून."

"मग फुकट," असं म्हणून तो पुढे गेला. जाताना सोंडेला तिकिटाचं पंच लावून बघितल्यासारखं केलं, तेव्हा मी सोंड पोटाशी ओढून घेतली. या माणसानं जन्मात कधी फुगा बाळगलेला नसणार.

शेजारी एक आजी होत्या. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. आधी थोडं सांगितलं, मग सगळंच सांगितलं. आजींनी पदराला डोळे पुसले, हत्तीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डबा उघडला. उकडलेली अंडी, पाव आणि कच्चा कांदा. नको म्हणालो तर त्या ऐकेनात. मग मीही ऐकेना झालो आणि कांदा पुरा संपवला.

ऊन चढलं तशी मला शंका आली. "आजी, हा जरा मऊ लागतोय का?"

आजींनी दाबून बघितलं. "प्रवासानं थकला असेल."

थोड्या वेळानं त्याची सोंड वाकली. मग एक कान. मग मान एका बाजूला गेली, अगदी डुलकी लागलेल्या माणसासारखी.  ताई तिकडे वाट बघतेय, आणि इकडे दादा माझ्या मांडीवरून थोडा थोडा उतरून चाललाय. मी बूच उघडलं आणि दुसरं काही सुचायच्या आधी आत जोरात फुंकलं. मग परत. मग अजून एकदा. हत्ती ताठ झाला.

आणि मग मला कळलं मी काय केलं ते. आता आत दादा किती आणि मी किती? दोघं वेगवेगळे कसे काढायचे? आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सख्खे भाऊ ना तुम्ही? मग चालतं." मला तेवढ्यावर समाधान मानावं लागलं.

ताईच्या घराचं दार भावजींनी उघडलं. आत बाळ बेंबीच्या देठापासून रडत होतं. ताई त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. बारीक झाली होती. मला बघून थांबली. मी सबंध प्रवासात एक वाक्य पाठ केलं होतं, ते गेलं. मी नुसता हत्ती पुढे केला.

तिनं बाळ एका हातावर तोललं, दुसऱ्या हातानं हत्ती घेतला. जमिनीवरच बसली. सोंडेवरून, पाठीवरून हात फिरवला. मग बूच कुठे आहे ते शोधलं.

"अगं, उघडू नकोस, संपेल."

"मग काय, शोकेसमध्ये ठेवू?" ती म्हणाली. "त्यानं बाळासाठी फुंकलाय ना?"

तिनं बूच काढलं, हत्ती बाळाच्या कपाळाजवळ धरला, स्वतःचा गाल त्याला लावला आणि हळूच दाबला. फुसऽऽ करून हवा आली. बाळाचं जावळ उडालं. ते रडायचं थांबलं, मोठे डोळे करून बघायला लागलं. ताईनं डोळे मिटले होते. भावजी भिंतीकडे बघत होते. मीही दुसरी भिंत शोधली.

मग बाळानं नाक मुरडलं आणि शिंकलं.

ताईनं डोळे उघडले. तिनं एकदा हुंगलं, परत हुंगलं, आणि माझ्याकडे बघितलं. "दादा कांदा कधीपासून खायला लागला?"

मी सगळं कबूल केलं. आजी, अंडी, मान टाकलेला हत्ती, सगळं. ताई ऐकत होती. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतेय, आणि हसतच होती, पण हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती इतकी रडली, इतकी रडली की बाळ पुन्हा रडायचं विसरून तिच्याकडेच बघत राहिलं. भावजींनी बाळ घेतलं. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. त्यानंतर कोण कोणाला धरून रडत होतं ते सांगता येणार नाही. माझा तेलाचा शर्ट तिच्या गालाला लागला, तेवढं आठवतं.

नंतर तिनं वहिनीला फोन लावला, स्पीकरवर. "वहिनी, याचा पराक्रम ऐकलास का? दादाच्या हवेत स्वतःची मिसळून आणली."

पलीकडून वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भावोजी जवळ आहेत का? त्यांना म्हणावं, वाईट वाटून घेऊ नका. तो हत्ती पहिल्यापासूनच गळतोय. आठ दिवसांत बसतो. ते दुकानात गेले की मीच फुंकते."

मी फोन ओढून घेतला. "म्हणजे दादाची हवा?"

"ती गेली असेल हो केव्हाच," वहिनी म्हणाली. "घरातच असेल कुठेतरी."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही असे हात पसरून खाली उभे राहायचात. कसं सांगू?" आणि पुढे म्हणाली, "आणि फुंकलं की मलाही बरं वाटायचं."

 ताईनं नाक पुसलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पंक्चरच्या दुकानात बसतो म्हणे. घरातला हत्ती इतके दिवस गळतोय आणि याला पत्ता नाही."

हे मात्र मला झोंबलं. मी तिथल्या तिथे बाळाच्या आंघोळीचा टब पाण्यानं भरायला लावला. हत्ती फुगवला, पाण्यात बुडवला, इंच इंच फिरवला. डाव्या कानामागून बारीक बुडबुडे आले. खिशातून सोल्युशन काढलं. जागा घासून कोरडी केली, भावजींच्या रेनकोटाचा कोपरा कापला (त्यांना नंतर सांगितलं), पॅच लावला, अंगठ्यानं दाबून धरला. बाळाला टबातून बाहेर काढलेला हत्ती आवडला असावा, ते टक लावून बघत होतं. मग आम्ही पाळीपाळीनं फुंकला. आधी ताई, मग मी, आणि शेवटी भावजी, त्यांनाही वाटत होतं म्हणून.

"आता बाळ शाळेत जाईपर्यंत हा हलणार नाही," मी निघताना सांगितलं. "माझ्या हातचं काम आहे."

पुढच्या आठवड्यात दुकानात होतो, एका सायकलचं चाक सोडलेलं, तेवढ्यात ताईचा फोन आला. आवाज मोकळा होता. आधी दादाच्याच दोन गोष्टी सांगितल्या, त्याच्या लहानपणच्या, मला माहीत नसलेल्या. फोन ठेवायची घाई नव्हती तिला. मग म्हणाली, "बरं का, हत्ती परत बसला."

"शक्यच नाही. पॅच मी स्वतः लावलाय."

"तोच सुटला. इथे कोपऱ्यावर एक सायकलवाले काका आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी तुझा पॅच नखानं सोलून काढला, उलटसुलट बघितला आणि विचारलं, हा घरच्या घरी लावला होता का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी सांगितलं, छे, माझ्या भावानं लावलाय. त्याचं स्वतःचं पंक्चरचं दुकान आहे."

माझं दुकान असं अजून कोणी म्हटलं नव्हतं. मी पान्हा खाली ठेवला, जरा ताठ बसलो. "मग काय म्हणाले?"

"म्हणाले, 'ते दुकान इथे जवळपास नाही ना?'"